विंडो मारली, पण हिशोब कुठे गेला? ‘विंडोज १०’चा आधार संपल्यानंतर गावोगावच्या संगणकांपुढचा खरा प्रश्न

सांगोला असो, करमाळा असो की मंगळवेढा, तालुक्याच्या बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात संवाद ठरलेला असतो. ‘लय स्लो झालंय, चालूच होईना.’ ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ ‘मारा की.’ ‘डेस्कटॉपवर काय आहे का?’ ‘काय नाही, चार फोटो आहेत, तेवढे काढून ठेवा.’ संध्याकाळी मशीन चकाचक होऊन परत येते. दुसऱ्या दिवशी दूध डेअरीचे किंवा कृषी सेवा केंद्राचे सॉफ्टवेअर नव्याने टाकले जाते, ते उघडते, आणि त्यात एकही खातेदार नसतो.

फॉरमॅट मारणारा चुकला नव्हता, त्याने विचारून मारला. मालकही खोटे बोलला नव्हता, डेस्कटॉपवर खरोखरच काही नव्हते. चूक प्रश्नातच होती. धंद्याचा डेटा डेस्कटॉपवर नसतोच. तो सॉफ्टवेअरच्या पोटात असतो, आणि ते पोट बहुतेक वेळा सी ड्राइव्हमध्ये अशा ठिकाणी असते जिथे मालक कधी गेलेला नसतो.

हा विषय आता काढायचे कारण आहे. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. २०१५ च्या जुलैत आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली, आणि ग्रामीण भागातले कितीतरी संगणक आजही तिच्यावरच आहेत. त्यानंतर आलेल्या ‘विंडोज ११’ची अट कडक आहे. मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षा सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. सेकंडहँड घेतलेले ऑफिसचे जुने डबे, ज्यांच्यावर गावातली निम्मी डेअरी आणि झेरॉक्सची दुकाने चालतात, ते या अटीत बसत नाहीत.

त्यामुळे तीन वाटा उरतात. अट चुकवून विंडोज ११ टाकून घ्यायचे. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नाहीतर नवा संगणक घ्यायचा. किंवा जुन्यालाच एसएसडी बसवून नव्याने विंडो मारायची. तिन्ही वाटांवर एक टप्पा सारखाच येतो. जुन्या जागेवरचा डेटा नव्या जागेवर न्यावा लागतो, आणि नेमका तिथेच घात होतो.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण या निमित्ताने भीती विकणारेही फिरतात. विंडोज १० ‘बंद झाले’ म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. तो चालतोच, फक्त सुरक्षेची नवी दुरुस्ती येत नाही. घरगुती वापराच्या मशीनला मायक्रोसॉफ्ट खाते जोडून नोंदणी केली तर ही दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. उद्याच्या उद्या फॉरमॅट मारलाच पाहिजे, अशी घाई कुणावरही नाही. दुधाच्या पगाराच्या आदल्या दिवशी किंवा मार्चअखेरच्या आठवड्यात तर नाहीच नाही.

शॉर्टकट म्हणजे डेटा नव्हे

गावाकडे बॅकअपच्या दोन समजुती घट्ट आहेत. पहिली, डी ड्राइव्हला टाकले की सुरक्षित. दुसरी, डेस्कटॉपवरचे चिन्ह पेनड्राइव्हवर घेतले की सॉफ्टवेअर आले. दुसरी ऐकून हसू येते, पण हा प्रकार सर्रास होतो. ते चिन्ह म्हणजे शॉर्टकट, घराच्या पत्त्याची चिठ्ठी. घर पाडले आणि चिठ्ठी जपून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ.

डी ड्राइव्हचे तसे अर्धे खरे आहे. एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग केलेले असतील आणि फक्त सी फॉरमॅट झाला, तर डी वाचतो. पण डिस्कच खराब झाली तर दोन्ही एकदम जातात. शिवाय विंडो मारताना समोर येणाऱ्या यादीत भागांची नावे सी, डी अशी दिसत नाहीत, ‘पार्टिशन १’, ‘पार्टिशन २’ अशी क्रमाने दिसतात. घाईत चुकीच्या ओळीवर ‘डिलीट’ दाबले गेले की डी ड्राइव्हही गेला. मुख्य म्हणजे सॉफ्टवेअर टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेले की तो आपला डेटा सीमध्येच ठेवतो. मालकाने फोटो डीमध्ये ठेवले म्हणून सॉफ्टवेअरही तिकडे जात नाही.

मग डेटा असतो कुठे? टॅलीचा डेटा एका ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो, त्यात दर कंपनीला १०००० सारखा पाच आकडी क्रमांक असतो. नव्या आवृत्तीत तो बहुधा सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरखाली सापडतो. टॅलीत कंपनी निवडताना हा पत्ता पडद्यावर दिसतो, तेव्हा शोधाशोध नको. मेडिकल दुकान, डेअरी, पतसंस्था यांची अनेक सॉफ्टवेअरे एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल यांसारख्या डेटाबेसवर चालतात. त्यांच्या फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये किंवा ‘प्रोग्रॅमडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. लपवलेला, म्हणजे साध्या नजरेला दिसतच नाही. तसाच प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली ‘ॲपडेटा’ हा दुसरा लपवलेला फोल्डर असतो. ब्राउझरपासून कितीतरी सॉफ्टवेअरांच्या नोंदी त्यात साठतात. दुरुस्तीवाला ‘डॉक्युमेंट, डाउनलोड, डेस्कटॉप सगळं घेतलं’ म्हणतो तेव्हा यातले काहीच घेतलेले नसते.

डेटाबेसची फाइल सापडली तरी सरळ कॉपी करता येईलच असे नाही. सेवा चालू असताना ती फाइल विंडोजने धरून ठेवलेली असते. सॉफ्टवेअरमधल्याच ‘बॅकअप’ बटणाने घेतलेली प्रत हा राजमार्ग. तो बॅकअपही पुष्कळदा सीमध्येच पडतो, हे विसरू नये. तो पेनड्राइव्हवर आला का, फाइल किती केबीची आहे आणि तिची तारीख आजची आहे का, हे डोळ्यांनी बघावे लागते. पाच वर्षांच्या धंद्याचा बॅकअप दोन केबीचा दिसला तर तो बॅकअप नाही.

हिशोब कुणाचा जातो?

या सगळ्याला कॉम्प्युटरची भानगड म्हणून सोडून देता येत नाही. ज्याचा डेटा जातो तो माणूस बहुतेक वेळा त्या दुकानात नसतो.

दूध संकलन केंद्राचे बघा. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ यांची नोंद संगणकात जाते. दहा दिवसांनी पगार निघतो. त्यातून पशुखाद्याची कपात होते, उचल वळती होते. वर्षभराच्या लिटरवर दिवाळीला फरक किंवा रिबेट मिळतो. आता समजा श्रावणात फॉरमॅट मारला आणि आधीच्या चार महिन्यांची नोंद गेली. डेअरीचालक दहा दिवसांचा पगार अंदाजे भागवील, आधीच्या पंधरवड्याच्या सरासरीवर. पण दिवाळीला चार महिन्यांचे लिटर कुठून आणणार? शेतकऱ्याकडे पावत्या असतात, पण त्या थर्मल कागदाच्या, खिशात घामाने आणि उन्हाने पुसून गेलेल्या. ज्या घरात दोन म्हशींच्या दुधावर शाळेची फी जाते तिथे हा फरक लहान नसतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. उचल किती बाकी होती याचा पुरावाही त्याच संगणकात होता. मग कुणी म्हणतो पाच हजार, कुणी म्हणतो आठ, आणि वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात.

कृषी सेवा केंद्राची उधारीही तशीच. खरिपाला दिलेले खत-बियाणे ऊस गेल्यावर किंवा डाळिंबाची पट्टी आल्यावर वसूल होते. मधल्या सहा-आठ महिन्यांचा सगळा व्यवहार वही सोडून संगणकात गेला आहे. पूर्वी लाल कापडाची चोपडी जळाली किंवा भिजली तरच जात असे. आता ती एका दुपारी, चहा पिता पिता जाते.

कायद्याचे कारणही आहेच. जीएसटीखालच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशोबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपून ठेवावी लागतात. ‘साहेब, विंडो मारली’ हे उत्तर नोटिशीला चालत नाही. पोर्टलवर भरलेली विवरणपत्रे राहतात, पण त्यामागची खरेदी-विक्रीची सविस्तर नोंद दुकानाच्या संगणकातच असते.

विकास सोसायट्यांचे चित्र मात्र बदलते आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली, तेव्हा ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपयांचा आराखडा होता. देशभर एकच सामायिक सॉफ्टवेअर आणि डेटा सर्व्हरवर, अशी ती रचना. अशा सोसायटीचा संगणक बंद पडला तरी सभासदाचे कर्जखाते जात नाही. सातबारा, दाखल्यांचे अर्ज यांचेही तेच, ते सेवा केंद्राच्या मशीनमध्ये नसतात. म्हणजे सरकारी कागद आता बऱ्यापैकी सुरक्षित आहे. उघड्यावर आहे तो गावातला खासगी आणि लहान सहकारी व्यवहार, म्हणजे डेअरी, आडत, खतदुकान, मेडिकल, छोट्या पतसंस्थेचे जुने पॅकेज.

या जुन्या पॅकेजांचा एक वेगळाच पेच आहे. काही ठिकाणी अजून डॉसच्या काळातले, फॉक्सप्रोत लिहिलेले काळ्या पडद्याचे सॉफ्टवेअर चालू आहे. लिहून देणारा माणूस कधीच पुण्याला गेला, पण पॅकेज चालतेय म्हणून चालतेय. ते ३२ बिटच्या विंडोजवर तग धरून होते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. इथे डेटा वाचवूनही भागत नाही, डीबीएफ फाइल हातात राहते आणि ती उघडायचा प्रोग्रॅम चालत नाही. डॉसबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमधून मार्ग निघतो, पण तो आधी दुसऱ्या मशीनवर चालवून बघावा, आणि मगच जुन्याला हात लावावा.

मराठी फाइल उघडली, अक्षरे मात्र इंग्रजी

डीटीपी आणि झेरॉक्सवाल्यांना बसणारा फटका अस्सल मराठी आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे जुने ठराव, शाळेचे निकालपत्रक, साखर कारखान्याच्या सभेच्या नोटिसा, हे सगळे वर्षानुवर्षे श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये टाइप झाले. यातले पुष्कळ फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइल सुखरूप राहते, पण फॉन्ट गेला की उघडल्यावर दिसतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांगोळी. माणूस म्हणतो व्हायरस आला. व्हायरस नसतो, फॉन्ट नसतो.

फॉन्ट विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत साध्या डबल क्लिकने टाकलेला फॉन्ट त्या एका वापरकर्त्यापुरता ‘ॲपडेटा’मध्ये जातो. त्यामुळे जुन्या सवयीने एकच फोल्डर उचलणाऱ्याचे निम्मे फॉन्ट मागे राहतात. विकतच्या फॉन्टला लायसनची किंवा डाँगलची भानगड असते ती वेगळीच.

पासवर्डचे दुखणे याहून मोठे. सेवा केंद्रचालकाच्या ब्राउझरमध्ये पंधरा-वीस पोर्टलचे पासवर्ड साठलेले असतात, आणि त्यातले चार सोडले तर त्याला एकही आठवत नाही. क्रोमचा अख्खा फोल्डर कॉपी करून नव्या विंडोजमध्ये टाकला तरी हे पासवर्ड उघडत नाहीत. त्यांचे कुलूप जुन्या विंडोजमधल्या त्या वापरकर्त्याच्या खात्याला बांधलेले असते, आणि ते खाते फॉरमॅटबरोबर गेलेले असते. जुने मशीन चालू असतानाच गुगल खात्याशी जोडून घेणे किंवा पासवर्डची यादी बाहेर काढून घेणे, एवढाच उपाय. ती यादी उघडी असते, कुणीही वाचू शकते. काम झाल्यावर ती पेनड्राइव्हवर आणि दुरुस्तीच्या दुकानात पडून राहता कामा नये.

डिजिटल सहीबाबत मात्र उगाच घाबरतात. सरपंचाची, ग्रामसेवकाची किंवा कंत्राटदाराची सही यूएसबी टोकनमध्ये असते, संगणकात नाही. फॉरमॅटने ती जात नाही, नव्याने टाकावा लागतो तो फक्त टोकनचा ड्रायव्हर. धोका वेगळाच आहे. टोकन ओळखले जात नाही म्हणून कुणी ‘इनिशियलाइज’ दाबले, तर टोकन कोरे होते आणि सही पुन्हा विकत घ्यावी लागते. अंगठ्याच्या मशीनचेही आरडी सर्व्हिस पुन्हा टाकले की भागते. टॅलीच्या लायसनसाठी जुन्या मशीनवर आधी ‘सरेंडर’ करून घेतले तर नव्यावर ते सुरळीत चालू होते.

विंडो मारण्याचे प्रकार

‘विंडो मारली’ या एका शब्दात तीन वेगळी कामे येतात, आणि दर तिन्हींचा एकच लावला जातो म्हणून फरक कुणी विचारत नाही.

मशीन चालू असेल तर चालू विंडोजच्या आतूनच सेटअप चालवता येतो. त्यात ‘फायली आणि ॲप्स दोन्ही ठेवा’ असा पर्याय येतो. सॉफ्टवेअर, डेटा, फॉन्ट, पासवर्ड सगळे जागेवर राहून विंडोज नवे होते. वेळ लागतो, दीड-दोन तास खुर्ची अडते, म्हणून दुकानदाराला हे नको असते. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून विंडो मारली तर हा पर्याय येतच नाही.

दुसरा प्रकार ‘रीसेट’चा. त्यात ‘माझ्या फायली ठेवा’ असे आश्वासक शब्द येतात. हे शब्द फसवे आहेत. फोटो आणि कागद राहतात, पण बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअरे काढली जातात. काय काय काढले त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते, एवढीच मेहरबानी. डेअरीच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्यात टिकेल, या भरवशावर बसू नये.

तिसरा म्हणजे पूर्ण फॉरमॅट. यातही एक बारीक फट आहे. पार्टिशन फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज टाकले, तर जुने सगळे ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये सरकवले जाते आणि तिथून डेटा काढता येतो. पण हा फोल्डर कायम राहत नाही. अपग्रेडनंतरचा असा फोल्डर विंडोज साधारण दहा दिवसांत स्वतःच पुसते. दुधाच्या पगाराचा एक फेरा, तेवढीच मुदत.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की पुष्कळ मशीनवर डिस्कला आपोआप कुलूप लागते. पुढे कधी दुरुस्तीची वेळ आली की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती त्या खात्यात असते, आणि खाते दुकानदाराने स्वतःच्या मोबाईल नंबरवर काढून दिलेले असते. मालकाला ईमेलही ठाऊक नसतो. लॅपटॉप घेतानाच खाते स्वतःच्या नंबरवर काढून घ्यावे, नाहीतर डेटा आहे पण दार उघडत नाही अशी गत होते.

जुनी डिस्क कपाटात

यावर सगळ्यात सोपा आणि स्वस्त तोडगा दुरुस्तीवाल्यांनाही ठाऊक आहे, फक्त तो कुणी मागत नाही. जुन्या मशीनला वेगासाठी नाहीतरी एसएसडी बसवायचीच असते. तर विंडोज नव्या एसएसडीवर टाकायचे आणि जुनी हार्ड डिस्क काढून, तिच्यावर तारीख लिहून, मालकाने घरी न्यायची. फॉरमॅट करायची नाही, दुकानात ‘एक्स्चेंज’ला द्यायची नाही. निदान एक मार्चअखेर आणि एक दिवाळी जाईपर्यंत ती कपाटात राहू द्यावी. काही राहून गेले असेल तर केबल लावून काढता येते.

‘गेला तर रिकव्हर करू’ या भरवशाचे दिवसही गेले. जुन्या फिरत्या डिस्कवर फॉरमॅटनंतरही, नवे काही लिहिले गेले नसेल तर, डेटा परत मिळण्याची आशा असायची. एसएसडीमध्ये पुसलेल्या जागा आतल्या आत साफ होतात, फॉरमॅटनंतर बहुधा हाती काही लागत नाही.

दुरुस्तीवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. काहीशे रुपयांत विंडोज, ड्रायव्हर, ऑफिस, प्रिंटर सगळे करून द्यायचे, वर डेटाची जबाबदारी घ्यायची, हे परवडत नाही. म्हणून ते तोंडी ‘विचारलं होतं’ एवढ्यावर राहतात. काही जण चांगुलपणाने गिऱ्हाइकाचा अख्खा डेटा आपल्या डिस्कवर घेऊन ठेवतात, आणि तो वर्षानुवर्षे तिथेच राहतो. त्यात शेकडो लोकांचे आधार, पासबुक, फोटो असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याची चर्चा शहरात आहे. ज्यांची कागदपत्रे त्या डिस्कवर आहेत त्यांना मात्र ती तिथे आहेत याचीच कल्पना नाही.

एक साधी चिठ्ठी चालू झाली तरी बरेच होईल. कोणते सॉफ्टवेअर, त्याचा डेटा कुठल्या फोल्डरात, बॅकअप कधी आणि कशावर घेतला, जुनी डिस्क कुणाकडे, चार ओळी आणि दोघांच्या सह्या. दूध संघ आपल्या संकलन केंद्रांना आणि कर सल्लागार आपल्या पक्षकारांना हे सांगू शकतात. मार्चला डेटा मागायची वेळ त्यांच्यावरच येते.

आणि नवे मशीन घरी आल्यावर ते चालू होते का एवढे बघून पैसे देऊ नयेत. तीन खातेदार निवडावेत, एक जुना, एक मधला आणि एक कालचा. त्यांचे खाते उतरवून काढावे, त्यांच्या हातातल्या पावतीशी किंवा कार्डाशी ताडून बघावे. आकडा जुळला नाही तर जुनी डिस्क अजून टेबलावरच आहे.